वहिनी, तुमचे जुने कुर्ते सापडले

वहिनी, तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही असताना ते कधी धड जमलं नाही. मोठ्या जाऊबाई म्हणून शेवटचा शब्द तुमचाच असायचा, आणि तो शब्द संपेपर्यंत माझी ऑफिसची वेळ झालेली असायची. आता मात्र मी बोलणार आणि तुम्हाला ऐकावं लागणार.

गेल्या शनिवारी रेवा अबुधाबीहून आली. तुमचं कपाट एकटीने उघडायचा तुमच्या लेकीला धीर होईना, म्हणून तिने मला बोलावून घेतलं. दादा बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून बसले होते, आवाज बंद करून. कपाट तुमच्यासारखंच होतं, साडीवर साडी, घडीवर घडी. आणि सगळ्यात मागे, शालींच्या पलीकडे, तुमचे जुने कुर्ते होते. तुम्ही दोन माप मोठ्या होतात तेव्हाचे. धुतलेले, इस्त्री केलेले, एकेका हँगरला नीट लावलेले.

माझं डोकंच फिरलं. कारण माझे तसे सगळे कपडे तुम्ही मला तुमच्या टॉवरमागच्या जुन्या कपड्यांच्या दानपेटीत टाकायला लावले होते. मोरपंखी कुर्ता टाकताना माझा हात पुढे जाईना, तर तुम्ही तो ओढून घेतलात, पेटीच्या तोंडातून आत ढकललात आणि वर म्हणालात, "माघारी फिरायची सोय ठेवली की माणूस माघारी फिरतोच." मी घरी जाऊन सुहासला, तुमच्या दिराला, ते वाक्य ऐकवलं, ऑफिसातल्या मैत्रिणींना ऐकवलं. आणि तुम्ही स्वतःची सोय इस्त्री करून ठेवली होतीत.

हे सगळं सुरू झालं ते तुमच्याच घरच्या गणपतीत. आठवतं ना? पूजेला तुम्ही आणि दादा जोडीने पाटावर बसलात. बसलात खऱ्या, पण आरतीला उठायची वेळ आली तेव्हा उठता येईना. गुडघे आधीच कुरकुरत होते, त्यात वजन. एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने शेजारच्या तमिळ मामींनी धरून तुम्हाला उभं केलं. पाहुणे वाटी-चमच्यांकडे बघत राहिले. तुम्हीच मोठ्याने हसलात आणि म्हणालात की बाप्पालाच सोंड खाली करून उचलायला सांगायला हवं होतं. सगळे हसले. मग स्वयंपाकघरात मोदकांचं झाकण काढता काढता, पाठ माझ्याकडे ठेवून, तुम्ही हळू आवाजात मला सांगितलंत की पुढच्या वर्षी तुम्ही त्या पाटावरून आपल्या आपण उठणार, आणि मीही तुमच्याबरोबर चालायला यायचं.

मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्याच आठवड्यात माझा रक्ताचा रिपोर्ट आला होता. साखर काठावर होती. माझ्या आईची अशीच काठावर होती, नंतर तिचं काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे. शेवटची काही वर्षं तिला पावलांखालची जमीन कळायची नाही. दारात चप्पल निसटली तरी ती तशीच पुढे चालत जायची आणि आम्ही मागून चप्पल घेऊन धावायचो. मला तसं व्हायचं नव्हतं. अजूनही नाही.

वेळ तुम्हीच ठरवलीत. आम्ही राहायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सिलिकॉन ओएसिसला, माझं ऑफिस मात्र जुमेरा लेक टॉवर्समध्ये, तुमच्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर. रस्ता भरायच्या आत उजाडता उजाडता निघायचं, तुमच्या टॉवरसमोरच्या तळ्याभोवती तुमच्याबरोबर चालायचं, तुमच्याकडे अंघोळ करून ऑफिसला जायचं. सुहास म्हणाला, नव्याचे नऊ दिवस. दादांनी तर सात म्हणून सूट दिली. आपण दोघींनी त्यांना खोटं पाडलं, आणि पुढे चार वर्षं खोटं पाडत राहिलो.

खरं सांगायचं तर ते चालणं पहिले कित्येक महिने मला मुळीच आवडलं नाही. हिवाळ्यात तळ्यावर धुकं असायचं तेव्हा ठीक होतं. पण मे महिना लागला की गाडीचं दार उघडताक्षणी चष्म्यावर वाफ धरायची, आणि पहिल्या वळणापर्यंत ओढणी पिळून काढावी अशी व्हायची. मग आपण मॉलमध्ये चालायचो. दुकानांची शटरं खाली, फरशी पुसणारी यंत्रं फिरताहेत, आणि आपल्यासारख्याच गुडघेदुखीवाल्या बायका एसीच्या गारव्यात झपाझप चालताहेत. तुम्ही बंद शोरूमच्या काचेत स्वतःला बघून पदर सारखा करायचात, पदर नसला तरी.

मी कुरकुर केली की तुमचं उत्तर ठरलेलं असायचं. "मला तर बाई रोज सकाळी कधी एकदा खाली उतरते असं होतं. यल्ला, चल." ते ऐकून मला स्वतःचीच लाज वाटायची. वाटायचं, काही माणसांत जन्मतःच जिद्द असते. वहिनींमध्ये आहे, माझ्यात नाही, मी आपली त्यांच्या मागून फरपटत चालले आहे. चार वर्षं मी हेच धरून चालले होते, वहिनी. हे लक्षात ठेवा, भांडणाचं मूळ इथेच आहे.

खाण्यावरून मात्र आपलं दोघींचं सारखंच होतं. संकष्टीचा उपास आपण वजनाच्या नावावर धरायला लागलो आणि संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीवर वरून दाण्याचं कूट घेऊन बसायला लागलो. एकादशी अन् दुप्पट खाशी, असं दादा म्हणायचे. तुम्ही त्यांच्या ताटात वाढायचं थांबवून त्यांना गप्प करायचात. रेवाच्या वाढदिवसाला उरलेला केक कुणी खाल्ला यावर आपण शेवटपर्यंत एकमेकींवर बोट दाखवत आलो. आता सांगते, मोठा तुकडा तुमचाच होता.

वजनकाट्यावरून आपली पहिली खरी वादावादी झाली. मला रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं असायचं. पाव किलो कमी दिसलं की दिवसभर मी हवेत, पाव किलो जास्त दिसलं की दिवसभर तोंड पाडून. तुम्ही एके दिवशी आमच्याकडे जेवायला आलात आणि जाताना काटाच उचलून नेलात. म्हणालात, हा इथल्या प्रत्येक घरात बॅगांसाठी असतो, माणसांसाठी नाही. मी चिडले होते. पण तुमचं चुकीचं नव्हतं. आखाती देशातल्या कुठल्याही मराठी घरात काटा येतो तो जुलैतल्या भारतवारीसाठीच. बॅग काट्यावर ठेवली की आकडा तिच्याखाली झाकला जातो, म्हणून कुणीतरी बॅग कवटाळून उभं राहायचं, दुसऱ्याने वाकून आकडा वाचायचा आणि त्यातून उभं राहणाऱ्याचं वजन वजा करायचं.

त्या जुलैत बॅगा तुमच्याकडेच भरल्या. सुहास आणि दादा ऑफिसात. तुमचे गुडघे बॅग उचलू देईनात, म्हणून उभी मी राहिले आणि आकडा तुम्ही वाचलात. मी म्हटलं, आधी मला एकटीला करा. तुम्ही म्हणालात, काही गरज नाही, तुझं वजन मला पाठ आहे. खजूर, पिस्ते, दुधाची पावडर, अत्तराच्या बाटल्या, सगळं मापात बसवलं. तुम्ही तर जागा उरली म्हणून शेवटी दोन डबे अजून कोंबलेत.

विमानतळावर पहिली बॅग काउंटरवर ठेवली, जास्त भरली. दुसरीही जास्त. तिसरीही, आणि प्रत्येक बॅग बरोब्बर तेवढीच जास्त. सुहास इंजिनियर, त्याने काउंटरवरच्या मुलीला तिचं यंत्र बिघडलं असल्याचं समजावायला सुरुवात केली. दादा घामाघूम होऊन मधल्या मोकळ्या जागेत बॅगा उघडून बसले. पिस्त्यांची पुडकी, डबे, सुहासचे लुंगीत गुंडाळलेले बूट, सगळा संसार फरशीवर आला. मागची रांग बघते आहे, लहान मुलं आपल्या खजुरांवरून उड्या मारताहेत. आणि तुम्ही एकदम थांबलात, माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "अगं, बॅगा नाही जड झाल्या. तू हलकी झालीस."

तुम्हाला पाठ होतं ते माझं जुनं वजन होतं. जितकी मी उतरले होते तितकंच प्रत्येक बॅगेत जास्त भरलं गेलं होतं. त्या सगळ्या पसाऱ्यात तुम्ही मला मिठी मारलीत, दादा दुधाच्या पावडरचे डबे कुठे कोंबायचे म्हणून ओरडत असताना. काउंटरवरची मुलगीही हसायला लागली. माझ्या उभ्या आयुष्यात माझं वजन कमी झाल्याचा आनंद माझ्यापेक्षा दुसऱ्या कुणाला जास्त झाल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

त्यानंतर मात्र गाडं अडलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. जवळजवळ वर्षभर काटा हलला नाही. चालणं तेच, भाकरी तीच, आणि ऑफिसात आजूबाजूच्या बायका आठवड्याला एक इंजेक्शन घेऊन डोळ्यांदेखत बारीक होत होत्या. माझ्या डॉक्टरांनीही सांगितलं की साखरेसाठी विचार करायला हरकत नाही. मी तुम्हाला हे सांगितलं आणि तुम्ही तळ्याच्या मधोमध असलेल्या पुलावर थांबून माझ्याशी भांडलात. शॉर्टकट, फॅशन, पैशाचा माज, काय काय म्हणालात. मी म्हटलं की औषध आहे, डॉक्टर सांगताहेत, यात लाज कसली. मग तुम्ही चार दिवस बोलला नाहीत. पण चालायला आलात. ते चार दिवस आपण तळ्याभोवती मुक्यानेच फिरलो, तुम्ही दोन पावलं पुढे, मी दोन पावलं मागे.

हा वाद राहिलाच. मी इंजेक्शन पुढे ढकललं, तुम्ही विषय काढला नाहीत. पण माझं मत अजून तेच आहे, वहिनी. पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे जाणार आहे, गरज आहे म्हणाले तर घेणार आहे. तुम्हाला राग येईल हे माहीत आहे. येऊ दे.

मग तुम्ही गेलात. तीन दिवसांत. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले, आणि त्याचा तुमच्या वजनाशी, गुडघ्यांशी, चालण्याशी काही संबंध नव्हता असंही म्हणाले. ते तीन दिवस मी इथे लिहिणार नाही. भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी मात्र रोज तेच म्हणायचं. एवढं चालल्या, एवढं तोंड बांधून राहिल्या, काय उपयोग झाला? खायचं प्यायचं सुखाने, कधी खलास होईल सांगता येत नाही. आणि हे म्हणता म्हणता माझ्यासमोर भाताचं ताट ठेवायची माणसं. मी जेवायचे. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटायला लागलं होतं.

चालणं सुटलं. सकाळी घरून उशिरा निघायला लागले, सगळ्या गर्दीतून, आणि ऑफिसला जाताना तुमच्या टॉवरवरून जावं लागू नये म्हणून पलीकडच्या रस्त्याने वळायला लागले. दीड महिन्यात सलवारीची नाडी मला सांगायला लागली की तुझं काय चाललंय.  सुहासला सगळं दिसत होतं.

तर शनिवारी मी तुमचे ते मोठे कुर्ते हातात घेऊन उभी होते आणि रेवासमोर तुमच्यावर तोंडसुख घेत होते. म्हटलं, बघ तुझी आई. मला सगळं टाकायला लावलं आणि स्वतः मात्र जपून ठेवलं. म्हणजे तिला खात्री नव्हतीच. रेवा पलंगावर बसली होती, साड्यांच्या ढिगात. तिने माझ्या हातातला निळा कुर्ता घेतला आणि मांडीवर ठेवला.

"काकू, हा ती घालायची. ज्या दिवशी तिला खाली जायचं नसायचं ना, त्या दिवशी. आरशासमोर उभं राहून बाजूने असा मुठीत धरायची, हाऊ लूज इट वॉज. मग बदलून शूज घालायची."

मी विचारलं, तिला जायचं नसायचं? कधी?

"ऑलमोस्ट एव्हरी डे. शी हेटेड इट, काकू. ती अलार्मला शिव्या द्यायची. बाबांना विचार. एकदा तर रडली होती बाथरूममध्ये, गुडघे दुखतात म्हणून."

वहिनी, चार वर्षं मी तुमच्यामागून चालत होते ते तुमच्यात काहीतरी आहे आणि माझ्यात नाही म्हणून. आणि तुमच्यात तेच होतं जे माझ्यात होतं. तोच कंटाळा, तीच भीती, तेच दुखणारे गुडघे, माझ्याहून जास्तच दुखणारे. मी रेवाला विचारलं की मग ती जायची कशासाठी. मला वाटलं ती डॉक्टर म्हणेल, गणपती म्हणेल.

रेवाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की हे विचारायची काय गरज आहे. "बिकॉज यू वुड बी वेटिंग. तू इतक्या लांबून गाडी चालवत यायचीस. ती म्हणायची, नीता खाली उभी असेल, आता कशी नाही जाऊ."

आणि मी रोज उजाडायच्या आधी का उठत होते? वहिनी खाली येऊन थांबल्या असतील, आता कशी नाही जाऊ. याखेरीज दुसरं काही कारण माझ्याकडे कधीच नव्हतं. कुठल्याही रिपोर्टने मला मे महिन्यात अंथरुणातून काढलं नसतं. पुलावरच्या त्या भांडणाचाही अर्थ मला तेव्हाच लागला. तुम्हाला सुईची भीती नव्हती. मी सुई घेतली की मला तळ्याची गरज उरणार नाही, आणि मग तुम्ही कुणासाठी खाली उतरणार, याची होती. एका शब्दाने सांगितलं असतंत तर मी तुम्हाला सांगितलं असतं की इंजेक्शन घेतलं तरी मी येणारच होते.

आता काय उपयोग झाला म्हणणाऱ्यांना उत्तर माझ्याकडे आहे. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणता म्हणता वर्षं गेली, पण गेल्या गणपतीत आरती सुरू झाली, सगळे उभे राहिले, मी आणि तमिळ मामी सवयीने पुढे झालो. तुम्ही हातानेच आम्हाला थांबवलंत. एक गुडघा टेकलात, एक हात मांडीवर दाबलात आणि उठलात. निरांजन हातात घेऊन, कुणाच्याही आधाराशिवाय. चेहऱ्यावर असा भाव की यात विशेष काय. दादांना आरतीचं पुढचं कडवं सुचेना. तो एक क्षण चार वर्षांच्या चालण्याने मिळाला, आणि तो फुकट गेला असं म्हणणाऱ्याने आधी पाटावर बसून उठून दाखवावं. तुम्ही गेलात ते चालत्या, वाकत्या, उठत्या पायांनी गेलात. माझी आई तशी गेली नाही. मला तुमच्यासारखं जायचं आहे, आणि त्याआधी भरपूर जगायचं आहे. यात मला आता शंका नाही.

कुर्ते रेवाने अबुधाबीला नेले. ती म्हणाली, राहू देत. मी हरकत घेतली नाही.

निघताना मी दादांकडे पाहिलं. दीड महिन्यात ते खुर्चीत आणखी खाली गेल्यासारखे दिसत होते. समोर बाहेरून मागवलेल्या जेवणाचे डबे होते, अर्धे खाल्लेले. साखरेची गोळी घेतली का विचारलं तर आठवेना. त्यांनी मला विचारलं की तुझं चालणं चालू आहे का. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, होय, एकटीने कसं जमणार.

सोमवारी मी पुन्हा लवकर निघाले. तुमच्या टॉवरखाली उभं राहून दादांना फोन लावला आणि सांगितलं की मी खाली थांबले आहे.  ते म्हणाले, "मला नाही गं जमायचं." मी म्हटलं, मलाही जमत नाही, या. ते आले. ऑफिसचे बूट घालून, कारण दुसरे नव्हतेच. अर्धा फेरा चाललो, तुमच्याबद्दल एक अक्षरही न बोलता. दोनदा बाकावर बसले. लिफ्टपाशी म्हणाले, उद्या येऊ नकोस, तुला फार लांब पडतं. मी म्हटलं, लांब पडतं म्हणूनच वेळेवर खाली या.

वहिनी, आज मंगळवार. रस्त्यात अपघात झाला होता, मला पोचायला उशीर झाला. परत वळावं असं एकदा मनात आलं, खोटं नाही सांगत. तसंच गाडी रेटत आले, पार्क केली, धावत तळ्याकडे गेले. दादा केव्हाचे खाली येऊन उभे होते.